तिसऱ्या रांगेची आत्या

३ सप्टेंबर, सोमवार

प्रशिक्षणाहून परत आले. तीन दिवस त्या खुर्च्यांवर बसून कंबर धरली आहे, पण या वेळी हात हलवत आले नाही. शेवटच्या दिवशी पडद्यावर एक वाक्य दाखवलं: 'मूल स्वतःच्या शब्दांत लिहिते, तेव्हाच ते शिकते.' आम्ही साठ मुख्याध्यापक होतो. साठही जणांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मी तर खाली दोन रेघा मारल्या.

हेच आमच्या शाळेचं दुखणं आहे. एका वर्गाच्या चाळीस वह्या उघडा, एकच वही चाळीस वेळा वाचल्यासारखं होतं. शिक्षक फळ्यावर उत्तर लिहितात, मुलं उतरवतात, परीक्षेत तेच ओकतात आणि आम्ही टक्केवारी काढून एकमेकांची पाठ थोपटतो. मला या खुर्चीवर येऊन वर्ष झालं. निवृत्तीला चार वर्षं आहेत. तेवढ्यात हे एवढं तरी मोडून काढायचं.

घरी यांना सांगितलं. यांनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे बोलण्यापेक्षा वाचण्याची सवय जास्त. "साठही जणांनी तेच वाक्य उतरवलं?" म्हणाले. मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. यांच्या त्या 'बरं'ने माझं डोकं उठतं.

५ सप्टेंबर, बुधवार

सभा घेतली. नियम सांगितले, टंकलिखित करून भिंतीवरही लावले. एक, उत्तर फळ्यावरून उतरवायचं नाही, मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. दोन, उत्तर बरोबर, पूर्ण आणि खाडाखोड न करता लिहिलेलं हवं. तीन, दर शुक्रवारी प्रत्येक वर्गाच्या पाच वह्या माझ्या टेबलावर, प्रत्येक रांगेतली एक, म्हणजे कोणी फक्त हुशार मुलांच्या वह्या पुढे करणार नाही. चार, वह्या सारख्या आढळल्या तर त्या शिक्षकाच्या गोपनीय अहवालात नोंद.

शिक्षकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. पर्यवेक्षिका तेवढी लगेच म्हणाली, "होईल मॅडम." मुलं तिला टाचणी म्हणतात, कारण तिच्या हातात कागद आला की तो दुसऱ्या कागदाला टाचल्याशिवाय ती सोडत नाही. मला ही बाई आवडते. ती 'होईल' म्हणते तेव्हा होतं.

गुरुजींनी शंका काढलीच. बाकी सगळे सर आणि मॅडम, हे एकटेच गुरुजी. सहावी ब गेली अकरा वर्षं त्यांच्याकडे. "मॅडम, स्वतःचे शब्द आणि खाडाखोड नाही, हे दोन्ही एकदम कसं व्हायचं?" म्हणाले. मी म्हटलं, विचार करून लिहिलं की होतं. 

१४ सप्टेंबर, शुक्रवार

पहिल्या वह्या बघून रडू यायचं बाकी होतं. तीन वर्गांच्या सारख्याच. दोघांनी मुलांना खरंच मोकळं सोडलं, तर उत्तरं चुकीची, अर्धी, काहींची पानं कोरी. सगळ्यांना बोलावून खडसावलं. एक मॅडम म्हणाल्या, "पोरांना येत नाही हो तसं लिहायला, वेळ लागेल." मी म्हटलं, दोन आठवडे देते.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

फरक पडला. सातवी अच्या पाच वह्या आणि पाचही वेगळ्या. बरोबर, पूर्ण, सुवाच्य. टाचणी दारात उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "मुलांमध्ये असतंच ते मॅडम, फक्त बाहेर काढावं लागतं," म्हणाली. मी दोनदा सही केली, इतकी खूश होते.

१० ऑक्टोबर, बुधवार

शिक्षकांचा अर्ज आला आहे: सर्व वर्गांच्या फळ्यांवर पांढऱ्या रंगाच्या चार उभ्या रेघा कायमच्या रंगवून मिळाव्यात. टाचणी म्हणाली, लेखन नेटकं होतं. मंजूर केला. अजून काही नवीन मागण्याचा उत्साह या लोकांत आहे हेच खूप झालं.

गुरुजींनी आपल्या फळ्याला हात लावू दिला नाही. रंगारी परत पाठवला. गुरुजींचं वाकडं ते वाकडंच.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

सहावी बच्या वह्यांवर आज तासभर गेला. सगळ्या वर्गांना 'वारा का वाहतो' हा एकच प्रश्न होता. बाकी वर्गांनी हवेचा दाब, जास्तीकडून कमीकडे, सगळं नीट लिहिलं आहे. गुरुजींच्या वर्गातली एक मुलगी लिहिते: 'झाडं हलतात म्हणून वारा येतो.' वर्षाच्या मध्यावर, सहावीत. आणि गुरुजींनी त्यावर चूक म्हणून फुलीही मारलेली नाही. पेन्सिलीने खाली लिहिलं आहे, 'मग झाड नसलेल्या गच्चीवर वारा कसा येतो?' त्याखाली मुलीने काहीतरी लिहून खोडलेलं. मग: 'गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलतात.' गुरुजींची पेन्सिल: 'कपडे काढून घेतल्यावर जाऊन बघ.' पुन्हा खाडाखोड. शेवटी: 'जाऊन बघितलं. तरी येतो. मला माहीत नाही का. पण झाडांमुळे नाही.'

एका प्रश्नाला तीन पानं, चार आठवडे आणि उत्तर 'माहीत नाही'. मी लाल शाईने 'अपूर्ण' असं लिहिलं आणि खाली सही केली.

१२ नोव्हेंबर, सोमवार

गुरुजींना बोलावलं. दार लावून घेतलं आणि म्हटलं, "गुरुजी, त्या मुलीला उत्तर सांगून टाकायला काय होतं तुम्हाला?"

"सांगितलं तर ती गच्चीवर जाणार नाही."

"परीक्षेत गच्ची विचारणार आहेत का?"

"नाही विचारणार," ते म्हणाले. "आता तिला चहाच्या वाफेकडे बघायला सांगितलंय. वाफ वर का जाते, एवढंच. जवळ आलीय ती मॅडम. मला महिनाभर द्या."

मी म्हटलं, बाकी वर्ग कुठल्या कुठे गेले, तुमचा एकच वर्ग मागे आहे. त्यावर ते म्हणाले, "बाकी वर्गांत एकदा न सांगता जाऊन बसा." मला हे फार झोंबलं. सहकाऱ्यांची चहाडी करावी अशी माणसं शाळेत असावीत याचं वाईट वाटलं. मी चोरासारखी वर्गात शिरणार नाही, माझा माझ्या शिक्षकांवर विश्वास आहे, असं स्पष्ट सांगितलं.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

संस्थेचे चिटणीस येऊन गेले. या माणसाच्या हाताखाली अकरा शाळा आहेत आणि तो कुठेही दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. आमच्याकडे दीड तास बसला. वह्या उलटून बघितल्या. "प्रत्येक मूल वेगळं लिहितंय," असं तीनदा म्हणाला. हा उपक्रम सगळ्या शाळांत न्यायचा, त्याची प्रमुख म्हणून मी, निवृत्तीनंतरही दोन वर्षं. मी टेबलावरच्या वह्या उगाच सारख्या करत राहिले. टाचणीने चहा पुढे केला म्हणून बरं.

जाताना त्याने सहावी बच्या वह्या उचलल्या आणि नाक मुरडलं. "हे कोण?" मी सांगितलं. "अहवाल पाठवा," म्हणाला.

७ डिसेंबर, शुक्रवार

गुरुजींचा अहवाल पाठवला. आकसाने नाही लिहिला. खरं तेच लिहिलं: उपक्रमास असहकार, वह्या अपूर्ण, अध्यापन कालबाह्य. शेवटचं वाक्य टाचणीने सुचवलं.

पाठवल्यावर अन्न गोड लागलं नाही, तेही लिहून ठेवते.

१८ डिसेंबर, मंगळवार

गुरुजींची बदली मुख्य कार्यालयात, जुने दाखले लावण्याच्या कामावर. निरोप समारंभ नको म्हणाले. पेन्सिली, पट्टी आणि बसायची छोटी गादी पिशवीत भरली आणि निघाले. दाराशी थांबून एवढंच म्हणाले, "ती गच्चीवाली मुलगी आहे ना, तिचं वाफेपर्यंत आलंय. नवीन बाईंना सांगा." मी हो म्हटलं. नवीन बाई टाचणीच्या ओळखीतल्या, चुणचुणीत आहेत. सांगायचं राहून गेलं.

दुपारी सहावी बच्या फळ्यावर रेघा रंगवून झाल्या. आता सगळी शाळा एकसारखी दिसते.

८ जानेवारी, मंगळवार

चिटणीसांना नमुना म्हणून एका वर्गाच्या सगळ्या वह्या हव्यात. सातवी अचा चाळीस वह्यांचा गठ्ठा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून संध्याकाळभर वाचत बसले. मन भरून आलं. कोणी आत्याकडे गेल्याची आठवण सांगून वाऱ्याचं उत्तर लिहितंय, कोणी सायकल चालवताना काय वाटलं ते सांगतंय, कोणी 'मला असे वाटते की' म्हणून थेट विषयाला हात घालतंय. किती मुलं आत्याकडे जातात. नाती अजून टिकून आहेत म्हणायची.

यांनाही दाखवल्या. यांनी चष्मा लावला, चाळीसही वह्या चाळल्या आणि मग त्या उचलून टेबलावर वेगवेगळ्या ठेवू लागले. थोड्या वेळाने बघते तर पाच ढीग. आठ-आठ वह्यांचे.

"हे काय?" मी विचारलं.

"पाच जणांनी लिहिलंय हे," म्हणाले. "खरं तर एकानेच. पण पाच वेळा."

मी म्हटलं, अहो, छापखाना सुटला तरी तुमची चुका काढायची खोड सुटत नाही. त्यांनी वह्या पुन्हा होत्या तशा लावून ठेवल्या आणि झोपायला गेले. मला राग आला होता, म्हणून मी ते ढीग पुन्हा करून बघितले नाहीत.

२१ जानेवारी, सोमवार

आज जे बघितलं ते नीट लिहून काढते, नाहीतर उद्या मीच ते नाकारीन.

सातवी अच्या मॅडम अचानक रजेवर गेल्या. टाचणी मुख्य कार्यालयात गेलेली, म्हणून तासावर मीच गेले. प्रश्न दिला: 'पाणी उकळताना बुडबुडे का येतात?' म्हटलं, लिहा. मुलांनी वह्या उघडल्या, तारीख घातली, प्रश्न लिहिला, समास आखला आणि हाताची घडी घालून बसली. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, विचार करताहेत. पाच मिनिटं गेली.

"लिहा ना," मी म्हटलं.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुम्ही आधी कुठल्या रांगेचं लिहिणार?"

"कुठल्या रांगेचं काय?"

"स्वतःच्या शब्दांतलं."

मी फळ्याकडे वळले. चार रेघा, मध्ये पाच रकाने. माझ्याच सहीने मंजूर झालेल्या. त्या मुलीला वाटलं मला पद्धत माहीत नाही, म्हणून तिने समजुतीने सांगितलं: पहिल्या रांगेचं उत्तर 'मला असे वाटते की'ने सुरू होतं, दुसरीचं सायकलचं, तिसरीचं आत्याचं, चौथीचं आजोबांनी सांगितलेलं, पाचवीचं स्वप्नात दिसलेलं. आपल्या रांगेचं सोडून दुसरीकडचं बघायचं नाही, कारण ती कॉपी होते.

हे सगळं तिने न अडखळता सांगितलं. तिला यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. मी "बरोबर आहे" म्हटलं आणि बाहेर आले.  प्रत्येक रांगेतली एक वही. तो नियम माझाच होता.

२२ जानेवारी, मंगळवार

टाचणीला विचारलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा नाकारील. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हाला वेगळं हवं होतं, बरोबर हवं होतं, खाडाखोड नको होती आणि दोन आठवड्यांत हवं होतं. शिक्षक एका प्रश्नाची पाच-पाच उत्तरं घरी बसून तयार करतात. पूर्वीपेक्षा पाचपट काम करतात बिचारे. त्यांना तुम्ही काय म्हणणार?"

 तिच्यावर ओरडावं असं वाटत होतं, पण ती म्हणाली त्यात खोटं काय होतं?

सगळ्या वर्गांपुढून चालत गेले. दारातून एकाच वर्गाचा फळा बघायचा राहिला होता, सहावी ब. तिथेही पाच रकाने भरलेले होते. अक्षर सुंदर आहे नवीन बाईंचं.

२४ जानेवारी, गुरुवार

चिटणीसांकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग खणातून एक जाड मुद्रित काढून समोर टाकलं. 'स्वतःच्या शब्दांत: पाचवी ते आठवी'. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं. मलपृष्ठावर माझा फोटो. टाचणीने सगळं जमवून दिलेलं, पुढच्या महिन्यात अकरा शाळांत वाटप.

"पद्धत सापडली ना एकदा? मग झालं तर," तो म्हणाला. "चाळीस मुलांना चाळीस डोकी आहेत असं धरून शाळा चालत नाही, मॅडम. पाच धरली हेच पुष्कळ झालं."

मी गुरुजींना परत मागितलं. निदान तेवढं. तो म्हणाला, "अहवाल तुमचा आहे. तो चुकीचा होता असं एकतीस तारखेपर्यंत लेखी द्या, मी त्यांना पुन्हा वर्गावर पाठवतो. एक तारखेपासून ती जागा नवीन बाईंच्या नावाने कायम होतेय. पण तसं पत्र आलं तर हे पुस्तक थांबेल आणि उपक्रमाचं प्रमुखपदही, हे उघडच आहे. तुमच्या शिक्षकांच्या चौकशा लागतील. विचार करा." दहा मिनिटं झाली होती. तो उठला.

२७ जानेवारी, रविवार

गुरुजींच्या घरी गेले. पायऱ्यांवर बसून खुर्चीची वीण बसवत होते. त्यांच्या पत्नीने आतून खुर्ची आणून दिली, पण त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ते बरोबरच होतं.

मी म्हटलं, "गुरुजी, मी चुकले." हे वाक्य मी रस्ताभर घोकत गेले होते.

ते वीण ओढत राहिले. मग म्हणाले, "गच्चीवाल्या मुलीचं काय झालं?"

मी खरं सांगितलं, की निरोप द्यायचा राहिला.

"राहू दे," ते म्हणाले. "मला आता वाटतं, उत्तर सांगूनच टाकायला हवं होतं तिला. तीन वाक्यांचं तर काम. निदान पुरं झालं असतं. मी तिला अर्ध्यावर सोडून आलो." इतक्या वर्षांत त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मला दोष दिला असता तर सोपं गेलं असतं.

परत याल का, विचारलं. "बोलावलंत तर उद्या सुद्धा येतो. तिथे दाखले लावून लावून जीव विटलाय," म्हणाले. पत्राचं मी सांगितलं. त्यावर ते एवढंच म्हणाले की पत्र लहान लिहा, मोठी पत्रं कोणी वाचत नाही.

३० जानेवारी, बुधवार

तीन दिवस पत्र लिहिते आहे. 'माझ्या दिनांक ७ डिसेंबरच्या अहवालासंदर्भात' एवढं लिहून झालं की पुढे हात चालत नाही. कार्यालयीन वाक्यं भराभर सुचतात: 'पुनर्विलोकनाअंती असे निदर्शनास आले की'. ती खोडते. मग साधं लिहायला जाते तर ते अपुरं वाटतं, तेही खोडते. यांनी टोपलीतले बोळे उलगडून बघितले. "पहिलाच बरा होता," म्हणाले. पहिल्यात फक्त 'मी चुकले, गुरुजी बरोबर होते' एवढंच होतं.

ते द्यायला काय हरकत होती? खरं सांगायचं तर एकच. मला भीती वाटते. मलपृष्ठावरच्या फोटोची मला लाज वाटते आणि तो जाईल याची भीतीही वाटते. चौकशा लागल्या तर शिक्षक माझ्याच नावाने बोटं मोडतील. हे इथे लिहिता येतं, त्या कागदावर येत नाही.

३१ जानेवारी, गुरुवार

चिटणीसांचं कार्यालय पाच वाजता बंद होतं. पत्र पर्समध्ये होतं. चार वाजता टाचणी पुस्तकासाठी 'मुख्याध्यापिकेचे मनोगत' घेऊन आली. तिनेच लिहिलेलं, छान लिहिलंय. सुरुवात 'मला असे वाटते की' अशी आहे. कागदाला आधीच टाचणी मारलेली होती. "एवढी सही दिलीत की छापायला जाईल," म्हणाली.

सही केली. मग घड्याळाकडे बघत बसले. पाच वाजून गेले.

घरी यांनी विचारलं, दिलंस? मी नाही म्हणून मान हलवली. या वेळी 'बरं' सुद्धा म्हणाले नाहीत.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारच्या वह्या आल्या. सहावी बच्या पाच, त्यातली तिसरी तिची. मागची पानं उलटली. गच्ची, कपडे, खाडाखोड, माझा लाल 'अपूर्ण'. त्यानंतर गुरुजींची पेन्सिल: 'चहाच्या वाफेकडे बघ.' त्याखाली तिने लिहिलेल्या दोन ओळी: 'वाफ वर जाते. मग तिच्या जागी कोण येतं?' उत्तराची वाट बघत तिथे अर्धं पान कोरं सोडलेलं आहे. तारीख १७ डिसेंबर.

पुढच्या पानावर नवीन अक्षर, म्हणजे तिचंच, पण सरळ आणि स्वच्छ. 'एकदा मी आत्याकडे गेले असताना मला वाऱ्याचा अनुभव आला. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते, त्यास वारा म्हणतात.' एकही खोडलेलं अक्षर नाही.

तिला बोलावून घेतलं. आली आणि टेबलापाशी ताठ उभी राहिली. मी ते अर्धं कोरं पान तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे तू विचारलं होतंस ना? वाफेच्या जागी कोण येतं? मग कोण येतं?"

तिने पान बघितलं. आपलंच आहे हे ओळखायला तिला क्षणभर लागला. "ते जुनं आहे मॅडम," म्हणाली. "ते आता नसतं."

"बरं, हे नवीन तू लिहिलंस?"

"हो."

"तुला आत्या आहे?"

"नाही."

"मग?"

ती गोंधळली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. मागे वळून वर्गाच्या दिशेने पाहिलं आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पण मी तिसऱ्या रांगेत बसते."

मी तिला काही सांगायला तोंड उघडलं. पर्समध्ये ते पत्र अजून तसंच आहे. ती उभी होती, बाहेर पुढच्या वर्गाच्या वह्या घेऊन शिपाई थांबला होता. मी लाल पेन उचललं, उत्तराखाली 'पूर्ण' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही करून वही तिच्या हातात दिली.